भादलीचे रूळ

नेरुळमधील आमचे वाचक मंडळ तसे लहानच. महिन्यातून एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपली की आम्ही सात-आठ जण चर्चच्या आवारातील एका खोलीत जमतो, ठरलेल्या पुस्तकावर बोलतो, आणि चहा गार होईपर्यंत भांडतो. आमच्यात एक निवृत्त मालगाडी-गार्ड आहेत, त्यांना सारे काका म्हणतात. एका मराठी शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांना आम्ही बाईच म्हणतो, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

बाईंच्या घरची एक गोष्ट आम्हां सर्वांना ठाऊक होती, पण मंडळात तिचा उच्चार कधी होत नसे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा उपनगरी गाडीच्या रुळांवर गेला. जिना चढण्याचा कंटाळा करून तो रूळ ओलांडत होता. पंचनाम्यात ‘अपघाती मृत्यू’ असे नोंदले गेले, आणि आमच्या धर्मगुरूंनी त्याची अंत्यविधीची मिस्सा इतरांप्रमाणेच केली. परंतु त्याच्या दप्तरात एक वही सापडली. तीत पाऊस, एकटेपणा, न आलेले पत्र अशा विषयांवर त्याने काही कविता लिहिल्या होत्या. ती वही कुणीतरी पाहिली, कुणी कुणाला सांगितले, आणि महिन्याभरात वस्तीत एक कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी काही बोलले नाही. बोलले असते तर बाईंनी उत्तर दिले असते.

गेल्या वर्षी आम्ही बालकवींच्या कविता वाचायला घेतल्या. चर्चेत एका तरुण सभासदाने सहज म्हटले, “शेवटच्या काळातल्या उदास कविता पाहिल्या की त्यांचा मृत्यू अपघातच होता का, असा प्रश्न काहींना पडतो.” तो मुलगा निष्पाप होता. त्याला बाईंच्या घरची हकीकत माहीत नव्हती. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मला ती जागा बघायची आहे.” आमच्या भादलीच्या प्रवासाचे कारण एवढेच.

भादली हे जळगाव आणि भुसावळ यांच्या मधले एक लहानसे स्थानक. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव एकाच तारखेने आले आहे. ५ मे १९१८ रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी यांना तेथे मालगाडीखाली मृत्यू आला. त्या वेळी ते सत्तावीस वर्षे आणि आठ महिन्यांचे होते. तो वार रविवार होता.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो. नव्या मुंबईकरांना रेल्वेचे अप्रूप अजून ओसरलेले नाही. खाडीपलीकडून पहिली लोकल वाशीला पोचली ती ९ मे १९९२ रोजी, आणि ठाण्याकडून थेट गाडी मिळण्यासाठी आम्हांला २००४ सालापर्यंत थांबावे लागले. त्याआधी येथे राहायला आलेल्यांनी मानखुर्दपर्यंतचे बसचे प्रवास भोगले आहेत. त्या मानाने खानदेश किती पुढे! ज्या काळी वाशी, तुर्भे, नेरुळ ही मिठागरांच्या व भातखाचरांच्या कडेची गावे होती, त्या काळी खानदेशातील शेतकरी आपल्या शेताच्या बांधावरून आगगाडी पाहत होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी सर्वांना माहीत असते. पुढचे काम कष्टाचे होते. कल्याण, कसारा असे टप्पे घेत ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ सह्याद्रीच्या पायथ्याशी आले आणि थळ घाटाने त्यांना काही वर्षे अडवले. घाट फोडून १८६५ च्या आरंभी गाडी इगतपुरीस पोचली. आजही कसाऱ्याला जड गाड्यांना मागून जादा इंजिन लावतात. आमच्या काकांना तेथे खिडकीतून मान बाहेर काढल्याशिवाय राहवले नाही. इगतपुरीच्या पुढे सपाटी लागली आणि रूळ झपाट्याने पूर्वेकडे धावले. १८६७ साली ते भुसावळवरून नागपूरला जाऊन भिडले.

या घाईमागे कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. बैलगाड्यांच्या तांड्यांनी घाट उतरून बंदराला जाणारा कापूस आता वाघिणींतून जाऊ लागला. जळगाव हे त्यापूर्वी फारसे मोठे गाव नव्हते; स्थानक आले, कापसाचा बाजार आला, त्यामागून सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने आले. भुसावळला तर रेल्वेनेच शहर वसवले. इंजिनांचे शेड, कामगारांच्या चाळी, साहेबांचे बंगले यांच्याबरोबर अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि तमिळ ख्रिस्ती कुटुंबे तेथे आली, आणि त्यांच्यामागून चर्चची घंटाही आली. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात हा सारा मुलूख येतो.

पहिल्या दिवशी आम्ही धरणगावला गेलो. बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी येथे झाला. धरणगावची जुनी ओळख मात्र निराळी आहे. १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने खानदेशच्या भिल्लांची जी पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावी होते. बालकवींचे वडीलही पोलीस खात्यातलेच. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाचे बालपण खानदेशभर फिरले आणि शाळा एक धड झाली नाही. नवापूरच्या रानात त्याला पहिली कविता सुचली असे सांगतात. गंमत अशी की धरणगाव आणि नवापूर ही दोन्ही गावे एकाच रेल्वेमार्गावरची. सुरतेहून तापीच्या खोऱ्याने येणारा हा रस्ता विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर सुरू झाला, म्हणजे त्र्यंबक तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. निसर्गकवी म्हणून आपण ज्यांना शाळेत शिकलो, ते इंजिनाच्या शिट्टीच्या टप्प्यातच वाढले होते. औदुंबर, निर्झर आणि फुलराणी यांच्या कवीला मालगाडी हे काही परके जनावर नव्हते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी जळगावला परतल्यावर काव्यरत्नावलीची आठवण निघाली. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक सुरू केले, आणि ते जवळजवळ अर्धे शतक चालवले. मुंबई-पुण्याबाहेर, कापसाच्या पेठेत, एका माणसाने केवळ कवितेसाठी एवढा संसार मांडावा, याचे श्रेय आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी जरा हात राखूनच दिले आहे असे आम्हांला वाटते. केशवसुतांपासून विनायकांपर्यंतचे कवी टपालाने जळगावला येत होते, आणि ते टपालही आगगाडीच आणत होती.

याच जळगावात १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, विद्येने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ आजही अभ्यासक चाळतात. एका सतरा वर्षांच्याही न झालेल्या मुलाने तेथे आपली कविता म्हटली, आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. ते नाव कायमचे चिकटले. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने फुलराणीच्या कवीला नाव द्यावे, हा योग आम्हां सर्वांनाच आवडला.

आपल्या वाचकांना यापुढची कथा अधिक जवळची आहे. संमेलनानंतर बालकवींना रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा आधार मिळाला. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील टिळकांच्या घरी ते घरच्या मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्याविषयी मायेने लिहिले आहे, त्यांचा हट्ट, रुसणे, लहर सांभाळताना या माउलीची झालेली तारांबळ वाचताना हसू येते आणि नंतर वाईट वाटते. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, ठोमरे हिंदूच राहिले. त्या घरातील ताटाला यांपैकी कशानेही बाध आला नाही.

टिळकांच्या आयुष्यालाही आगगाडीने वळण दिले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक युरोपियन गृहस्थ त्यांना भेटले. कवितेवर बोलणे झाले, मग धर्मावर, आणि उतरताना त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले, अशी आठवण आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. नागपूरकडून मुंबईस येणाऱ्याला त्या काळी भुसावळ आणि जळगाव ओलांडावेच लागे. टिळकही भादलीवरूनच गेले असणार. अर्थात गाडी तेथे थांबली असली, तरी त्यांनी ते नाव वाचण्याचे काही कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून आम्ही आसोद्यास निघालो. जळगावहून भादलीला जाताना वाटेत आसोदे लागते. बहिणाबाई चौधरींचे हे माहेर. १८८० साली त्या येथे जन्मल्या; बालकवींहून दहा वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर सारे आयुष्य जळगावात गेले, ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर, १९५२ साली. कीर्तिकर ज्या गावी बालकवींना नाव देत होते, त्याच गावी एक शेतकरीण जात्यावर आणि शेतात अशी कविता रचत होती की जिला कुठल्याही संमेलनाचे आमंत्रण गेले नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे तिची कविता टपालाने फडणीसांकडे जाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही! १९०७ च्या त्या उन्हाळ्यात बहिणाबाई सत्तावीस वर्षांच्या होत होत्या, आणि बालकवींना तेवढेच आयुष्य मिळणार होते.

आसोदे, भादली, बामणोद हा पट्टा भरताच्या हिरव्या वांग्यांसाठी प्रसिद्ध. हंगाम ऐन भरात होता. एका घरी आम्हांला आग्रहाने बसवून घेतले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत कुटलेली हिरवी मिरची, आणि सोबत कळण्याची भाकरी. घरच्या आजींनी बाईंना विचारले, “तुमी कोठून आल्या, माय? आन् कायले?” बाईंनी सांगितले, भादलीचे स्टेशन पाहायला. आजींना त्यात काही नवल वाटले नाही. स्टेशन पाहायला माणसे येतात, असे त्यांनी गृहीत धरले आणि आणखी एक भाकरी वाढली.

भादलीला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. गाव एका बाजूला, रूळ दुसऱ्या बाजूला, आणि रुळांपलीकडे केळीच्या बागा. येथे मोजक्याच गाड्या थांबतात. बाकीच्या, मुंबई-हावड्याच्या आणि मुंबई-दिल्लीच्या, धुरळा उडवीत निघून जातात. बालकवींच्या काळापेक्षा मार्गिका वाढल्या आहेत, वर विजेच्या तारा आल्या आहेत, सिग्नल दिव्यांचे झाले आहेत. आम्ही स्मारकशिळा वगैरे शोधायला गेलो नव्हतो. बाईंना रूळ पाहायचे होते. फलाटाच्या टोकाशी, जेथवर प्रवाशाला जाता येते तेथवर, त्या गेल्या आणि उभ्या राहिल्या.

त्या दिवशी काय घडले याची जी हकीकत परंपरेने सांगितली जाते ती अशी. बालकवी जळगावकडे जाण्यासाठी स्थानकावर येत होते. रूळ ओलांडणारी एक जवळची पायवाट होती, तिने ते निघाले. जेथे दोन रूळ एकमेकांस मिळतात त्या ठिकाणी असताना समोरून मालगाडी येताना दिसली. ती आपण उभे आहोत त्याच रुळावरून येत आहे असे वाटून ते घाईने दुसऱ्या रुळावर गेले. गाडी नेमकी त्या दुसऱ्या रुळावर आली. निसटण्याच्या गडबडीत चप्पल तारेत अडकली, ती सोडवायला ते वाकले, आणि तेवढ्यात सारे संपले.

ही हकीकत आम्ही मंडळात वाचली होती तेव्हा तिच्यातील प्रत्येक गोष्ट थोडी रचल्यासारखी वाटली होती. दोन रूळ, चुकलेला अंदाज, आणि वर पुन्हा ती चप्पल! तार कसली, रुळांत तार कुठून आली, असे त्या तरुण सभासदाने विचारलेही होते. याचे उत्तर काकांनी भादलीच्या फलाटावर दिले, आणि ते आम्हांला कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाचे वाटते.

काका म्हणाले, “आता तुम्हांला तार दिसणार नाही, सगळे विजेवर गेले. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हातांचे सिग्नल होते. केबिनमध्ये खटका ओढला की फर्लांग-दीड फर्लांगावरचा सिग्नल पडायचा. मधे काय? तार. रुळांच्या कडेने, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लहान लहान चाकांवरून ताणलेली. नवा माणूस हमखास अडखळायचा. आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवायचे: पाय उचलून टाक. आणि तार नुसती पडलेली नसते. खटका ओढला की ती सरकते.”

मग त्यांनी सांध्याकडे बोट दाखवले. दोन रूळ जेथे एकत्र येतात तेथे समोरून येणारी गाडी कोणत्या रुळावर वळणार, हे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. इंजिन सांध्यावर येऊन कुशी बदलते तेव्हा कळते, आणि तोवर अंतर उरलेले नसते. रेल्वेची माणसे सिग्नल पाहून ओळखतात. वाटसरूला सिग्नलची भाषा कुठून येणार? “बत्तीस वर्षे मी ब्रेकव्हॅनमध्ये बसलो,” काका म्हणाले. “माझ्या गाडीखाली माणसे आली आहेत. जो मरायला येतो तो रूळ बदलत नाही.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “आणि चप्पल सोडवायला वाकतो?” काका म्हणाले, “नाही.”

येथे एका दूरच्या स्थानकाची गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात ॲडलस्ट्रॉप नावाचे खेडे आहे. जेन ऑस्टेन ही कादंबरीकर्ती तेथे आपल्या नातलगांकडे येत असे. २४ जून १९१४ रोजी एडवर्ड थॉमस हे लेखक ज्या गाडीने चालले होते ती तेथील स्थानकात थांबली. कुणी चढले नाही, कुणी उतरले नाही. त्या अर्ध्या-एक मिनिटावर थॉमस यांनी पुढे सोळा ओळींची एक कविता लिहिली, आणि इंग्रजी शिकलेल्या जगाला त्या स्थानकाचे नाव पाठ झाले. थॉमस १९१७ साली, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारले गेले. स्थानक १९६६ साली बंद झाले. मात्र गावकऱ्यांनी त्याच्या नावाची पाटी उचलून आपल्या बसथांब्यात लावली आणि तेथे कविताही लावून ठेवली. लोक ती पाहायला जातात.

दोन्ही कवी एकमेकांपासून तेरा महिन्यांच्या अंतराने गेले. इंग्रज वाचक मात्र थॉमस यांच्या त्या कवितेत मृत्यू शोधत बसत नाहीत. त्यांना तीत पक्षी ऐकू येतात. आपण बालकवींच्या बाबतीत असे का वागत नाही? भादली आधी घडते आणि मग आपण कविता वाचू लागतो. ‘पारवा’तील एकाकी पाखरू, औदुंबराच्या आठ ओळींतील काळसर पाणी, कारण न कळणारी ती उदासी, हे सारे जणू रुळांच्या दिशेने चालले आहे असे मानून वाचतो. याच लेखणीतून लेकराबाळांच्या तोंडी असलेले आनंदाचे गाणे उतरले, श्रावणातल्या ऊन-पावसाचा खेळ उतरला, हे त्या वेळी विसरतो. पंचविशीतल्या माणसाच्या वहीत उदास कविता असणे हा पुरावा धरायचा, तर महाराष्ट्रातील निम्म्या कवींवर पंचनामे करावे लागतील. उदासी ही कवितेची नित्याची मजुरी आहे. तिच्यावरून कवीच्या मनाचा थोडा अदमास लागेल, पण ५ मे रोजी त्याचा पाय कशात अडकला हे काही तिच्यावरून कळणार नाही. अपघात अर्थशून्य असतो, आणि ते आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण त्याला हेतू चिकटवतो. हे प्रेमापोटीही होते, नाही असे नाही. पण ज्याला चिकटवले जाते त्याच्या घरची माणसे ते ओझे वाहत राहतात.

या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेकडेही वळून पाहिले पाहिजे, कारण बाईंच्या वस्तीतील कुजबुजीला धार होती ती एका जुन्या नियमाची. १९१७ साली घोषित झालेला कॅनन लॉ १९ मे १९१८ रोजी, म्हणजे भादलीच्या अपघातानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, अमलात आला. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारावा, असे त्यात होते. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने हा नियम एवढाच लक्षात ठेवला. परंतु त्याच कलमाला एक दुसरी बाजू होती, ती कुणी सांगत नसे. शंका असेल तर बिशपांचा सल्ला घ्यावा, आणि तरीही शंका उरली तर दफनविधी द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या कठोर म्हटल्या गेलेल्या कायद्यानेही संशयाचा लाभ मृतालाच दिला होता. १९८३ च्या कॅनन लॉमधून आत्महत्येचा उल्लेख त्या यादीतून गेला, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर असा अंत झालेल्यांच्या तारणाविषयीही निराश होऊ नये असे सांगितले. म्हणजे ज्याने खरोखरच तसे केले असेल त्याच्यासाठीही दार लोटलेले नाही. मग ज्याची चप्पल अडकली त्याचे काय? कायदा बदलून चाळीस वर्षे झाली. वस्तीतली जीभ मात्र अजून १९१७ सालात, आणि तीही अर्ध्याच कलमावर थांबलेली.

रूळ ओलांडणे हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. भारतीय रेल्वेचा जुना कायदा १८९० चा, बालकवींच्या जन्मसालचा. १९८९ च्या नव्या कायद्याचे कलम १४७ रुळांवर अनधिकृतपणे येणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. तरीही मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावत आली आहेत, आणि त्यांत मोठा भाग रूळ ओलांडणाऱ्यांचा आहे. पंचनाम्याच्या कागदावर ती एकेक ओळ होतात. त्या सर्वांच्या दप्तरांत काय होते हे कुणी तपासत नाही, आणि ते बरेच आहे. नव्या मुंबईतील स्थानके बांधताना भुयारी रस्ते आधी खणले गेले, रुळांवर पाय ठेवण्याची गरज पडू नये अशी आखणी झाली. आम्ही हे रोज वापरतो आणि त्याचे मोल आम्हांला कधी जाणवले नव्हते. बाई मात्र नेरुळला घर घेताना तेच पाहून आल्या होत्या. हे त्यांनी आम्हांला भादलीच्या बाकावर सांगितले, इतक्या वर्षांनी.

उन्हे कलली तेव्हा भुसावळच्या बाजूने एक मालगाडी येऊ लागली. कोळशाच्या वाघिणी होत्या. काका सवयीने उठून उभे राहिले. येणाऱ्या गाडीकडे उभे राहून पाहायचे, काही लोंबकळत नाही ना, कुठे धूर नाही ना, ही त्यांची जुनी शिस्त. गाडी सांध्यापाशी आली, क्षणभर दोन्हींपैकी कोणत्याही रुळावर येईल असे वाटले, आणि मग पलीकडच्या रुळावर वळली. आम्ही पाचही जण फलाटाच्या मधोमध होतो, पिवळ्या रेषेपासून चांगले लांब. तरी आमच्यातील दोघे एक पाऊल मागे सरले.

बाई सरल्या नाहीत. त्या वाघिणी मोजत होत्या. शेवटचा डबा गेल्यावर त्या म्हणाल्या, “एकोणसाठ.” काकांनी मान हलवली. मग बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आम्हांला विचारले, आणि रिक्षावाला अजून थांबला आहे का ते पाहायला आम्ही स्थानकाबाहेर आलो.